चोरवडपर्यंत पूर्ण तिकीट

बऱ्हाणपूरच्या बसस्टँडवर खासगी गाड्यांच्या गर्दीत एक लाल एसटी उभी असते. ती महाराष्ट्राची. मध्य प्रदेशाचं स्वतःचं परिवहन महामंडळ 2005 मध्ये गुंडाळायचं ठरलं, आणि माझा जन्मही त्याच सुमाराचा. त्यामुळे माझ्या पिढीला ‘सरकारी गाडी’ म्हटलं की शेजारच्या सरकारची गाडी आठवते. इंदूरला जायचं तर ट्रॅव्हल्स, खंडव्याला जायचं तर रेल्वे, आणि रावेरला मामाकडे जायचं तर एसटी. मामाच्या गावापुरती सरकारची जबाबदारी, बाकीचा प्रवास आपापला, असा लहानपणी माझा समज होता.

मार्च 2023 मध्ये महाराष्ट्रात बायकांना एसटीचं भाडं निम्मं झालं. आईने ही बातमी मामीच्या फोनवरून ऐकली आणि त्याच आठवड्यात तिला माहेरची आठवण अनावर झाली. मी सोबत होते. कंडक्टर म्हणाला, ‘‘ताई, चोरवडपर्यंत पूर्ण लागंल. तिथून पुढं अर्धं.’’ सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरती, आणि चोरवडला हद्द. तपासणी नाका, ट्रकांची रांग, चहाच्या टपऱ्या, बाकी दोन्हीकडे तीच केळी आणि तीच काळी माती. आईने सुटे पैसे मोजून दिले आणि माझ्याकडे वळून म्हणाली, ‘‘सासरी होती तंवर पूर्ण, आन् माहेरात शिरली का अर्धी. सरकारलेबी मालूम हाये.’’

पुढे त्यात आणखी गंमत झाली. आमच्याकडे 2023 मध्येच ‘लाडली बहना’ सुरू झाली, महिन्याला 1000 रुपये. वर्षभराने महाराष्ट्रात ‘लाडकी बहीण’ आली, ती थेट 1500 रुपयांची. नणंद-भावजयीच्या फोनवरच्या गप्पांत आजवर पोरांचे मार्क आणि पापडाचं पीठ असायचं, तिथे दोन मुख्यमंत्री येऊन बसले. आईचं म्हणणं, नक्कल तुमच्या सरकारनं केली. मामीचं म्हणणं, केली असेल, पण आकडा वाढवून केली. हा वाद काही मिटला नाही. दोघींनी पैसे मात्र एकाच बिशीत घातले.

माझ्या वाट्याला हाच हिशेब वेगळ्या कागदांवर येतो. मी इंदूरला भूगर्भशास्त्र घेऊन बी.एस्सी. करते, शेवटचं वर्ष आहे. अर्जांच्या दिवसांत हॉस्टेलवर प्रत्येकीच्या पलंगावर झेरॉक्सचे गठ्ठे पडलेले असतात. मातृभाषा मराठी, मूल निवासी मध्य प्रदेश, इथवर माझं काही अडत नाही. अडतं ते पुढे काय करायचं याचा विचार सुरू झाला की. जातीचा दाखला ज्या राज्याने दिला त्याच राज्याच्या नोकरीत त्याचा उपयोग. पलीकडे तीच जात, तेच आडनाव, तीच कुळदेवी असली तरी दाखला माझा राहत नाही. मामेभाऊ पुण्याला एमपीएससी करतो. मी भंवरकुआंवरून रोज जाते, तिथे मोठाल्या फलकांवर एमपीपीएससी उत्तीर्ण झालेल्यांचे फोटो असतात. सुट्टीत आम्ही दोघं मामाच्या ओट्यावर पुस्तकं उघडून बसतो. त्याच्या नदीच्या धड्यात गोदावरी आधी, माझ्यात नर्मदा आधी. तापी दोघांकडे आहे. माझ्या पुस्तकात ती बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईला उगम पावते आणि राज्याबाहेर पडली की धडा संपतो. त्याच्या पुस्तकात तिला पूर्णा, गिरणा, पांझरा येऊन मिळतात. ती जिथून आत येते त्या गावाचं, म्हणजे माझ्या गावाचं, नाव दोन्हीकडे ओझरतं.

‘‘तू छान मराठी बोलतेस हं,’’ असं त्याची पुण्याची मैत्रीण मला एकदा म्हणाली. चांगल्या मनाने म्हणाली, यात शंका नाही. पण हे वाक्य आपण जपानी पाहुण्याला म्हणतो. माझी शाळा हिंदी माध्यमाची. मराठी वाचायला मी शिकले ती आजीच्या हरिपाठावरून आणि जळगावहून येणाऱ्या वर्तमानपत्रावरून. त्या पेपरातलं केळीच्या भावाचं कोष्टक मी अग्रलेखाच्या आधी वाचते, अजूनही. घरी आम्ही जे बोलतो त्यात ‘मले’ आणि ‘तुले’ असतं, ‘मालूम’ असतं, ‘बराबर’ असतं आणि शेजारच्या चाचांच्या घरून आलेलं बरंचसं उर्दू असतं. पुण्याला ते हिंदीसारखं वाटतं. इंदूरच्या मुलींना, मी घरी फोनवर बोलायला लागले की, मराठी पिक्चर लावल्यासारखं वाटतं.

इंदुरातल्या मराठी लोकांचं प्रकरण निराळंच. तिथे जुनी मराठी घरं आहेत, होळकरांच्या काळापासूनची, त्यांची गणेशोत्सवाची मंडळं आहेत, नाटकं आहेत. एका घरी मी पेइंग गेस्ट म्हणून जागा बघायला गेले होते. काकूंनी प्रेमाने पोहे दिले आणि विचारलं, ‘‘मूळचे कुठले तुम्ही?’’ मी म्हटलं बऱ्हाणपूरचे. ‘‘ते झालं गं, पण मूळचे?’’ त्यांच्याकडे या प्रश्नाला उत्तर होतं. पूर्वज कोणत्या गावाहून कुणाच्या फौजेबरोबर आले, ते कोणत्या सुभेदाराकडे कारकून होते, सगळं पाठ. आमच्या घरात असली वंशावळ कुणालाच येत नाही. आम्ही कोष्टी. आजोबा म्हणायचे, ‘‘सूत जिकडं गेलं तिकडं आपण गेलो, लिहून कोण ठेवणार?’’ मला हे उत्तर आवडतं, पण पोहे खाताना ते देता येत नाही.

आजोबा ताप्ती मिलमध्ये होते. लालबागेतली ही मिल पुढे राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि 2020 च्या लॉकडाउनपासून बंद आहे. ते बघायला आजोबा नव्हते, एका अर्थी बरंच झालं. त्यांची एक आवडती गोष्ट होती. नातवंडांना विचारायचे, ‘‘मी जन्मलो तेव्हा आपली राजधानी कोणती?’’ आम्ही ओरडायचो भोपाळ. ते मान हलवायचे. मग कुणीतरी भीतभीत मुंबई म्हणायचं. उत्तर नागपूर. निमाड तेव्हा मध्य प्रांतात होतं, आणि 1956 पर्यंत त्या राज्याचा कारभार नागपुरातून चाले. 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आमचा भाग मध्य प्रदेशात राहिला आणि राजधानी भोपाळला हलली. आजोबा मिलमध्ये पहिल्या पाळीला गेले आणि राज्य त्यांच्या घराभोवतून बदललं. बेळगाव-कारवारसारखं आमच्या सीमेचं नाव मोठ्या लढ्यात आलं नाही. महाराष्ट्रातल्या वाचकाला बऱ्हाणपुरात मराठी घरं आहेत हेच पुष्कळदा नवीन असतं. त्याचं मला फार दुःख नाही. ज्या सीमेवर भाषणं होत नाहीत तिथे निदान एसटी वेळेवर सुटते.

हिंदीच्या तासाला आम्हाला मुक्तिबोध होते. गजानन माधव मुक्तिबोध, जन्म 1917, श्योपूर. नावावरूनच माझे कान टवकारले होते, पण सर त्याबद्दल काही बोलले नाहीत, त्यांना तो मुद्दा वाटला नसावा. नंतर कळलं की घरात मराठी बोलणाऱ्या या माणसाने हिंदी कवितेला वेगळं वळण दिलं, आणि त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीत लिहिते झाले, कवी म्हणून, कादंबरीकार म्हणून, समीक्षक म्हणून. शरच्चंद्रांना 1979 चा साहित्य अकादमी पुरस्कार मराठीसाठी मिळाला. एक आई, एक स्वयंपाकघर आणि दोन भाषा. मी आजीला ही गोष्ट मोठ्या उत्साहाने सांगितली. ती म्हणाली, ‘‘मंग काय झालं? एक पोरगं लूमवर बसतं, एक बँकेत जातं.’’

आमच्या घरात सीमा ओलांडतात त्या बायका. ही गोष्ट मला उशिरा दिसली, कारण ती रोजची होती. आजी मुक्ताईनगरकडची, लग्न होऊन इकडे आली. आई रावेरकडची, तीही इकडे. दोन्ही आत्या तिकडे दिल्या, एक सावद्याला, एक भुसावळला. पुरुष आपापल्या राज्यात, आपापल्या लूमशी किंवा बागेशी बसून असतात. दाखले त्यांचेच जागच्या जागी राहतात. बाईचं लग्न झालं की तिचा रेशनकार्डाचा जिल्हा बदलतो, मतदारयादी बदलते, तिने शाळेत शिकलेला इतिहासही बदलतो, आणि तिला कुणी विचारत नाही की तुझी ओळख काय. आजी दर आषाढीच्या आधी मुक्ताबाईची पालखी निघते तेव्हा मुक्ताईनगरला जायची, गुडघे चालत होते तोवर. तिथे तिला ‘बऱ्हाणपूरवाली’ म्हणत आणि इथे गल्लीत, मुक्ताईनगरच्या जुन्या नावावरून, ‘एदलाबादवाली’. दोन्ही हाकांना ती ‘ओ’ द्यायची.

मामाला वाटतं मीही याच रस्त्याने जावं. रावेर तालुक्यात एक स्थळ आहे, केळीची बाग, घरचा ट्रॅक्टर. ‘‘पोरगी परत महाराष्ट्रात येईल,’’ असं तो आईला म्हणाला. परत? मी तिकडून कधी निघाले होते? पण त्याच्या हिशेबात आईचं इकडे येणं हे उसनं देणं होतं, मी गेले की फिटलं. आई यावर हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. ती कांड्या भरत असते, आणि कांड्या भरताना तिला बोलता येत नाही असं तिने सगळ्यांना पटवून दिलेलं आहे.

मग फेब्रुवारी 2025 मध्ये ‘छावा’ आला. चित्रपटाची सुरुवातच आमच्या गावावरच्या हल्ल्याने होते. इंदूरच्या थिएटरात पोरं उभी राहून घोषणा देत होती आणि माझ्या शेजारची मैत्रीण मला कोपर मारून हसत होती, ‘‘देख, तेरा शहर लुट रहा है.’’ रात्री मामेभावाचा फोन. त्यानेही तोच पिक्चर पाहिलेला. ‘‘आमच्या महाराजांनी तुमचं बऱ्हाणपूर...’’ तो पुढे काय म्हणाला ते मी नीट ऐकलं नाही. ‘आमच्या’ आणि ‘तुमचं’ यांच्यामधल्या जागेत मी त्याच्याशी बोलताना याआधी कधी उभी राहिले नव्हते.

शाळेच्या पुस्तकात माझं बऱ्हाणपूर मोगलांच्या धड्यात आलं: खानदेश सुभ्याचं ठाणं, दख्खनचं दार, 1631 मध्ये मुमताज इथेच बाळंतपणात गेली आणि ताजमहालाआधी तिचं शव ताप्तीपलीकडे जैनाबादच्या आहूखान्यात ठेवलं होतं. मामेभावाच्या पुस्तकात ते संभाजी महाराजांच्या धड्यात. दोन्ही खरं आहे. 1681 च्या जानेवारीअखेर मराठी फौज आली, तटाबाहेरच्या बहादुरपुऱ्यावर पडली, अफाट लूट घेऊन गेली. कोटाच्या आतलं शहर त्यांच्या हाती लागलं नाही. बहादुरपूर आजही आहे, आमच्या घरून रिक्षाने जाता येतं. त्या पुऱ्यात श्रीमंत सराफ होते, दलाल होते. सराफाच्या दुकानात माल येतो तो कुणाच्या तरी मागावरून. सतराव्या शतकातच ताव्हर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या इथून गेला, त्याने इथल्या तलम, जरीच्या कापडाबद्दल लिहिलंय की ते इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत जातं. म्हणजे विणकर होतेच. माझे पूर्वज तेव्हा इथे आलेले असतील तर त्या रात्री कुठे असतील? लुटून नेणाऱ्यांच्या घोड्यावरचं थान आमच्याच कुणी विणलेलं असेल का? मामेभावाला मी हे विचारलं. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘‘तुला प्रत्येक गोष्टीत लूम कसा दिसतो?’’

तेवढ्यावर भागलं नाही. मार्चमध्ये असीरगडाच्या पायथ्याशी रात्रीच्या रात्री माणसं शेतं खणायला लागली. महामार्गाच्या कामाची माती कुणाच्या शेतात टाकली, तिच्यात मोगलकाळची नाणी निघाली, अशी आवई उठली होती, आणि पिक्चर नुकताच सगळ्यांनी पाहिलेला. टॉर्च, मोबाइलचे दिवे, कुदळी, चाळण्या, कुणाकडे धातू शोधायचं यंत्र. देशभरच्या बातम्यांत आमचा जिल्हा झळकला तो असा. होळीला घरी येताना गाडी असीरगडावरून जाते, मी खिडकीशी बसून ते खड्डे पाहिले. सगळी गाडी एका बाजूला झुकली होती, कुणी हसत होतं, कुणी खरंच हळहळत होतं की आपण आधी का नाही आलो. मला आधी थर दिसले. वर हातभर काळी माती, सुकून भेगाळलेली, तिच्याखाली पिवळट मुरूम, त्याखाली कुजलेला बेसाल्ट, कांद्यासारखे पापुद्रे सुटलेला. शिक्षणाने माणसाचं काय होतं ते बघा: सारा गाव सोनं शोधतोय आणि ही बया मुरमाची खोली मोजतेय.

पण त्या खिडकीशी मला एक गोष्ट सुचली होती, तिच्याबद्दल सांगायचंय. मी कोणत्या बाजूची या प्रश्नाचं उत्तर जो तो वरच्या थरात शोधतो, नाणी पडलेली असतात त्या थरात. लढाया, दाखले, योजना, आडनावं. गांधी चौकातल्या जामा मशिदीत 1590 चा एक शिलालेख आहे. फारुकी राजा आदिलशहाने मशीद बांधली, अरबीत लेख कोरला आणि त्याच्याखाली संस्कृतातही कोरला, तिथी-नक्षत्रासकट, पंचांगातून उतरवून घेतल्यासारखा. आमच्या गावी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आम्ही तो दाखवतो आणि पाहुणा ‘वा, एकात्मता’ म्हणतो. मलाही तो आवडतो. तरी मी एव्हाना या कौतुकाला जरा कंटाळले आहे. शिलालेख राजाने कोरवला. त्या मशिदीच्या हौदात पाणी कुठून यायचं, हा माझा प्रश्न आहे.

उत्तर लालबागेच्या पुढे, जमिनीखाली आहे. कुंडी भंडारा. हिंदीत त्याला खूनी भंडाराही म्हणतात, नावावरून भुताखेताच्या गोष्टी सांगणारे गाइड मिळतात. सरळ सांगायचं तर हे पाणी अडवून वळवायचं तंत्र आहे. सातपुड्याच्या उतारावर पडलेला पाऊस मुरतो आणि जमिनीखालून हळूहळू ताप्तीकडे सरकतो. 1615 मध्ये, मोगल सरदार खानखानाच्या काळात, तब्कुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने हे सरकणारं पाणी वाटेतच गाठलं. मूल भंडारा, सूखा भंडारा, चिंताहरण अशा ठिकाणी ते गोळा केलं, जमिनीखालून बोगदे नेले आणि बोगद्यावर ठरावीक अंतराने शंभराहून अधिक कुंड्या उभ्या केल्या, हवेसाठी, उजेडासाठी आणि साफसफाईला उतरता यावं म्हणून. पुढे पाणी नुसत्या उताराने जाली कारंजापर्यंत आणि तिथून शहरात. ना पंप, ना रहाट. मार्च 2024 मध्ये हे ठिकाण युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलं.

शाळेच्या सहलीत आम्हाला लिफ्टने खाली नेलं होतं. वर उन्हाने डोकं तापलेलं, आणि खाली थंड, ओलसर, चुन्याचा वास. भिंतींवर पांढरा थर जमलेला, काही ठिकाणी मेण ओघळून गोठावं तसा. पाणी पोटऱ्यांपर्यंत आणि इतकं नितळ की पायाची बोटं दिसत होती. वर बघितलं की कुंडीचं तोंड, आभाळाचं एक गोल. बाई सांगत होत्या की हा क्षारांचा थर वाढत चाललाय आणि त्याने बोगदा अरुंद होतोय. मी विचारलं, क्षार कुठून येतात? डोंगरातून, बाई म्हणाल्या. मग डोंगरात कुठून? बाईंनी मला पुढे चालायला सांगितलं. त्या दिवशी न मिळालेलं उत्तर शोधायला मी इंदूरला गेले, असं म्हटलं तर फार फिल्मी होईल. बारावीला गणितात कमी मार्क पडले हेही एक कारण होतं. पण विषय निवडायची वेळ आली तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तो पांढरा थर होता, हेही तितकंच खरं.

कॉलेजात आल्यावर कळलं की त्या इराणी माणसाने जो पट्टा हेरला होता त्याला भूगर्भशास्त्रात बझाडा म्हणतात. डोंगरावरून ओढ्यांनी आणून टाकलेली गोटे, वाळू, माती यांची जाड रास, सातपुड्याच्या पायथ्याने लांबच लांब पसरलेली. त्यात पाणी सहज मुरतं आणि उपसलंही सहज जातं. हा पट्टा बऱ्हाणपूरला थांबत नाही, तो पुढे रावेर, यावल, चोपड्याकडे जातो. केळीची सगळी समृद्धी त्याच्यावर. आणि उपसाही इतका की रावेर-यावल हे तालुके भूजल अतिशोषित म्हणून वर्षानुवर्षं नोंदलेले आहेत. मामाच्या विहिरीत माझ्या आईच्या लहानपणी पोरं पोहायची. आता त्या विहिरीच्या तळाशी एक बोअर आहे, आणि बोअरच्या शेजारी दुसरं.

10 मे 2025 ला भोपाळमध्ये दोन्ही राज्यांनी ‘तापी मेगा रिचार्ज’च्या करारावर सह्या केल्या. पावसाळ्यात वाहून जाणारं तापीचं पाणी अडवायचं, कालव्यांनी या बझाडा पट्ट्यावर आणायचं आणि जमिनीत मुरवायचं. आमच्याकडच्या सव्वा लाखाच्या आसपास हेक्टरला आणि महाराष्ट्रातल्या सव्वादोन लाखांहून अधिक हेक्टरला फायदा होईल असे आकडे सांगितले गेले. बातमी वाचताना मला योजनेच्या आकारापेक्षा तिच्या पत्त्याने धरून ठेवलं. कालवा जातो तो आमच्या दोन्ही घरांच्या मधून. अशा योजनेत माणसं लागतील, थर वाचणारी, विहिरी मोजणारी, इकडच्या तलाठ्याशी हिंदीत आणि तिकडच्या तलाठ्याशी मराठीत वाद घालू शकणारी. ज्या दोन गोष्टींत आजवर मी अर्धी-अर्धी धरली गेले, त्या दोन्ही तिथे पूर्ण भावाने लागतील. योजना होईल का, कधी होईल, कुणाची जमीन जाईल, हे प्रश्न मला ठाऊक आहेत. चारशे वर्षांपूर्वीच्या भंडाऱ्याचे बोगदे नीट साफ न होणाऱ्या मुलखात नव्या कालव्याबद्दल फार भाबडं राहून चालणार नाही. तरी काम आहे, आणि ते मला करायचं आहे.

रस्ता असा आहे: एम.एस्सी., मग यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा, जमलं तर केंद्रीय भूजल मंडळ. केंद्राची परीक्षा असल्याने तिथे मूल निवासी कुठली हा प्रश्न येत नाही.

पप्पांना हे सांगायचं तर लूम बंद असावे लागतात. आमचे मोजके लूम, पत्र्याच्या शेडमध्ये, जॉबवर चालतात. सूत सेठचं, कापड सेठचं, मीटरवर मजुरी आमची. धोट्यांच्या खडखडाटात माणूस ओठ वाचायला शिकतो, पण ‘जलभूवैज्ञानिक’ ओठांवरून कुणाला वाचता येणार? दुपारी लाइट गेली तेव्हा मी सांगितलं. पप्पा बीमला टेकून बसले होते, मिशीवर सुताची पांढरी भुकटी.

‘‘जमिनीतलं पाणी मोजायचं. त्याचा सरकार पगार देतं?’’

मी आकडा सांगितला. त्यांनी तो पुन्हा एकदा विचारून घेतला.

‘‘मग शेडमागच्या बोअरचं पाणी दर मेमध्ये का जातं ते सांग.’’

मी सांगितलं. गल्लीतली बोअर किती जवळजवळ आहेत, सगळ्यांची मोटर एकाच वेळी चालू झाली की पातळी कशी खचते, पाऊस पडून मुरायला किती दिवस लागतात. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. आईची कांड्या भरायची चरखी थांबलेली होती, हे मला नंतर लक्षात आलं. लाइट आली. पप्पा उठले, लूम चालू झाला आणि त्या आवाजात ते ओरडले, ‘‘एमपीपीएससीचा फॉर्म पण भर!’’

भरला आहे. ती परीक्षा होईल तेव्हा होईल. त्याआधी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मला सीमेच्या दोन्ही बाजूंच्या विहिरींची पातळी घ्यायची आहे, एकदा पाऊस संपल्यावर आणि एकदा मेमध्ये. इकडच्या विहिरी चाचांनी ओळखीने मिळवून दिल्या. तिकडच्या दोन मामाने कबूल केल्यात, स्थळाचा विषय काढणार नाही या अटीसकट. तिसरी विहीर त्याच्या शेताला लागून आहे आणि माझ्या कामाची तीच सर्वांत जास्त, पण तिच्या मालकाशी मामाचं बांधावरून वाकडं आहे. तिथे मला एकटीनेच जाऊन विचारावं लागणार.